फार छापतो, म्हणून?

शेपर्ड फेअरी फार छापतो, असा आक्षेप आहे. अमेरिकेतला हा रस्त्यावरचा चित्रकार भिंती रंगवतो, प्रदर्शनं भरवतो, स्टिकर वाटतो, कपडे विकतो आणि हे सगळं चालू असताना वर्षभर एकामागून एक नव्या प्रिंट्स काढतो. जो इतकं काढतो त्याच्याकडे सांगण्यासारखं फारसं नसणार, असं मग गृहीत धरलं जातं. त्यानंतर पाळी येते त्याच्या चाहत्यांची. ही मंडळी चित्राबद्दल बोलतच नाहीत, असं सांगितलं जातं. आवृत्ती किती प्रतींची, विक्री किती वाजता उघडणार, कोणाला मिळाली, कोणाची हुकली, लाल रंगातली बरी की निळ्यातली, एवढ्यावरच त्यांच्या गप्पा संपतात. याला रसिकता म्हणत नाहीत, ही खरेदी आहे.

चित्रकलेवर मनापासून प्रेम करणारी माणसं हे बोलतात, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. माझं म्हणणं आधीच मांडतो. फेअरीच्या कामात संख्या हेच माध्यम आहे, आणि त्या संख्येचा हिशेब ठेवणारे चाहतेच त्याचं काम सगळ्यात बारकाईने बघतात. त्याच्या हातून चुका झाल्या, एक तर फार गंभीर झाली. पण ती चूक फार छापण्यातून आली नव्हती.

१९८९ साली फेअरी प्रॉव्हिडन्सच्या रोड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनमध्ये शिकत होता. स्टेन्सिल कसं कापायचं हे मित्राला दाखवताना त्याने वर्तमानपत्रातल्या कुस्तीच्या जाहिरातीतून आंद्रे द जायंट या फ्रेंच मल्लाचा चेहरा घेतला. त्याचं स्टिकर झालं. चेहऱ्याशेजारी मल्लाची उंची, वजन आणि त्याची एक टोळी आहे असं सांगणारी ओळ. विकायला माल नाही, मत मागणारा उमेदवार नाही. स्केटबोर्डवाल्या पोरांनी ती स्टिकर खांबांवर, वाहतुकीच्या पाट्यांच्या मागे, दुकानांच्या दारांवर डकवली आणि एका गावातून दुसऱ्या गावात नेली. असं एकच स्टिकर दिसलं तर कोणी ढुंकून बघणार नाही. तेच तोंड तिसऱ्या, दहाव्या, विसाव्या कोपऱ्यावर दिसलं की माणूस थबकतो. हा कोण? इथे कोणी लावला? आणि मी रोज ज्या जाहिरातींखालून जातो, त्या इथे लावायला कोणी कोणाला विचारलं होतं? हा शेवटचा प्रश्न एका चित्रातून कधीच उभा राहिला नसता. पुढे कुस्तीच्या कंपनीने मल्लाच्या नावावर हक्क सांगितला, तेव्हा चेहरा आणखी सोपा, आणखी सपाट झाला आणि त्याखाली ‘ओबे’ (‘आज्ञा पाळा’) हा हुकूम आला. जॉन कारपेंटरच्या १९८८ सालच्या ‘दे लिव्ह’ या चित्रपटात जाहिरातींच्या पोटात दडलेले असे हुकूम दिसतात, तिथून तो घेतलेला. म्हणजे हे काम जन्मापासूनच प्रतींचं आहे. त्याला ‘मूळ चित्र’ असं नव्हतंच. ज्याचा अर्थ पुनरावृत्तीतून तयार होतो, त्याला पुनरावृत्तीचा दोष लावणं म्हणजे त्या कामाकडे न बघणं.

आता प्रिंट्सचं. फेअरीची नेहमीची प्रिंट १८ बाय २४ इंचांची असते. बारीक ठिपके असलेला मलईच्या रंगाचा कागद, त्यावर प्रत्येक रंगासाठी वेगळा पडदा लावून केलेली स्क्रीन प्रिंट. काही शे प्रती, प्रत्येकीवर सही आणि क्रमांक. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी विक्री उघडते, एका माणसाला एकच मिळते, आणि किंमत कित्येक वर्षं साधारण ४५ ते ६० डॉलरच्या घरात राहिली. त्यातली मागणी असलेली प्रिंट बघता बघता संपते आणि थोड्याच वेळात दुप्पट-तिप्पट भावाने पुन्हा बाजारात दिसते. हा वरचा पैसा पुनर्विक्री करणाऱ्याच्या खिशात जातो. फेअरीने पहिलीच किंमत तिप्पट ठेवली असती तरी प्रती संपल्या असत्या, हे त्यालाही कळतं. तरी तो ती ठेवत नाही. पैशासाठी छापतो असं म्हणणाऱ्यांनी आधी या वागण्याचा उलगडा करावा.

चाहत्यांच्या गप्पांचा उगमही इथेच आहे. किंमत कमी आणि प्रती मोजक्या, मग धावपळ होणार. धावपळ होणार, तर वेळेची, कागदाची, पाठवणीच्या नळकांड्यात चुरगळलेल्या कोपऱ्याची चर्चाही होणार. बड्या गॅलरीत चित्र घेणारा माणूस किमतीबद्दल बोलत नाही असं थोडंच आहे? त्याचं बोलणं बंद दाराआड, दलालाशी होतं, म्हणून ते सभ्य दिसतं. शिक्षक, छापखान्यातला कामगार, नुकती नोकरी लागलेली मुलगी, यांच्यासाठी असं बंद दार नसतं. ते उघड्यावर बोलतात आणि उघड्यावर बोलल्याबद्दल त्यांना बाजारू ठरवलं जातं. मला हे अन्यायाचं वाटतं. सहीची अस्सल प्रिंट आठवड्याच्या किराण्याच्या पैशात घरी नेता येणं ही छोटी गोष्ट नाही, आणि ती मिळाल्याचा आनंद बोलून दाखवण्यात कमीपणा नाही.

निदान मराठी वाचकाला तरी हा आक्षेप ओळखीचा वाटायला हवा. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत गिरगावात छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या ओलिओग्राफनी लक्ष्मी आणि सरस्वती अशा घरांत पोचवल्या, जिथे तैलचित्र कधीच आलं नसतं. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांच्याही भिंतीवर देवता आली. नंतरच्या समीक्षेने या छापांना कॅलेंडरछाप म्हणून हिणवलं. आज त्याच छापांवर प्रबंध लिहिले जातात, संग्रहालयं ते जपतात, आणि कोणती प्रत गिरगावची, कोणती मळवलीची हे सांगणारा संग्राहक मानाने बोलावला जातो. रविवर्म्याचे छाप तैलचित्रांवरून निघत, फेअरीचं चित्र मुळातच पडद्यासाठी, सपाट दोन-चार रंगांत आखलेलं असतं. तुलना याहून पुढे नेत नाही. पण प्रत काढली की कला हलकी होते हे मत आपण एकदा आजमावलं आहे आणि ते टिकलेलं नाही.

‘इतकं काढणाऱ्याचं सगळं चांगलं कसं असेल?’ सगळं चांगलं नाहीच. फेअरीच्या कित्येक प्रिंट्स मला थकलेल्या वाटतात: तेच फूल, तीच वर उचललेली मूठ, तीच नक्षीची चौकट, शब्द फक्त बदललेला. आर. के. लक्ष्मण यांनी दशकानुदशकं रोज व्यंगचित्र काढलं, म्हणून त्यांच्या उत्तम व्यंगचित्रांची धार कमी झाली असं आपण म्हणत नाही. रोजचं काम रोजच्या पातळीवर आणि उत्तम काम उत्तमाच्या पातळीवर जोखतो. फेअरीच्या बाबतीत हे जोखण्याचं काम कोण करतं? ज्याने सगळं पाहिलं आहे तो. कोणत्या वर्षी रेषा जड झाली, कोणत्या प्रिंटमध्ये जुनीच आकृती उलटी करून वापरली, मूळ छायाचित्र कोणाचं, भिंतीवरची आवृत्ती आणि कागदावरची आवृत्ती यांत काय फरक, हे चाहते एकमेकांना सांगत असतात. आवृत्त्यांचे आकडे या जाणकारीचाच भाग आहेत. रेम्ब्रांटच्या एचिंगच्या अवस्था मोजणाऱ्याला आपण अभ्यासक म्हणतो. तेच काम इथे पगाराविना, आवडीपोटी होतं आहे.

आणि आता ‘होप’. हे प्रकरण टाळून फेअरीची बाजू घेता येत नाही, घेऊही नये.

जानेवारी २००८ मध्ये त्याने बराक ओबामांचं पोस्टर केलं: लाल, मळकट पांढरा आणि निळ्याच्या दोन छटा. पहिल्या खेपेला खाली ‘प्रोग्रेस’ होतं, ‘होप’ नंतर आलं. सुरुवातीच्या ७०० प्रतींपैकी ३५० विकल्या आणि ३५० रस्त्यावर खळ लावून चिकटवल्या. विक्रीच्या पैशातून पुढची छपाई, त्यातून त्याच्या पुढची. वर्षअखेर पोस्टरांची संख्या लाखांत गेली. विक्री आणि रस्ता यांना एकमेकांचे शत्रू समजणाऱ्यांनी हा व्यवहार नीट बघावा. इथे विकलेल्या प्रतीने भिंतीवरच्या प्रतीचा खर्च उचलला. त्याच प्रतिमेचं कोलाज आज वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे.

चित्र कोणत्या छायाचित्रावरून केलं, हे जवळजवळ वर्षभर जाहीर नव्हतं. ते शोधलं वृत्तछायाचित्रकारांनी आणि घरबसल्या प्रतिमा ताडून बघणाऱ्या हौशी लोकांनी. आधी संशय रॉयटर्सच्या एका छायाचित्रावर गेला, मग २००९च्या जानेवारीत खरं सापडलं: मॅनी गार्सिया यांनी असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेसाठी एप्रिल २००६ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमध्ये टिपलेलं. ज्या आवडीला क्षुल्लक म्हटलं जातं, त्याच प्रकारच्या आवडीने कलेच्या इतिहासातला हा धागा जोडला.

वृत्तसंस्थेने मोबदला मागितला, फेअरीने आपला वापर न्याय्य असल्याचा निर्वाळा मागत न्यायालय गाठलं. आणि तिथे तो खोटं बोलला. ओबामांशेजारी अभिनेता जॉर्ज क्लूनी बसलेला आहे ते छायाचित्र आपण वापरलं, असं त्याने सांगितलं. खरं तर वापरलं होतं ते फक्त ओबामांचा चेहरा असलेलं. हे झाकण्यासाठी त्याने संगणकावरच्या फाइली पुसल्या, खोट्या तयार केल्या. ऑक्टोबर २००९ मध्ये कबुली दिली. २०११च्या जानेवारीत तडजोड झाली. २०१२ साली त्याने फौजदारी स्वरूपाच्या न्यायालय अवमानाचा गुन्हा कबूल केला; दोन वर्षांची देखरेख, ३०० तास समाजसेवा आणि २५,००० डॉलर दंड अशी शिक्षा झाली. याचं समर्थन होऊ शकत नाही. जो माणूस भिंतीवरून सत्तेला जाब विचारतो, त्याने पुरावा नष्ट करावा, याने त्याच्यावर विश्वास टाकणाऱ्या प्रत्येकाला दुखावलं.

पण त्याला शिक्षा कशाची झाली हे नीट वाचायला हवं. शिक्षा पुराव्याशी केलेल्या खेळाची होती. छायाचित्रावरून पोस्टर करणं ही चोरी आहे का, या प्रश्नावर न्यायालयाने निर्णय दिलाच नाही, कारण त्याआधीच तडजोड झाली. तरीही ‘कोर्टाने त्याला चोर ठरवलं’ हे वाक्य सर्रास लिहिलं जातं. ते खरं नाही. उलट त्याच्या खोटेपणाची खरी किंमत अशी की छायाचित्रावरून काम करणाऱ्या सगळ्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा असलेला प्रश्न तिथेच लोंबकळत राहिला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात तशाच प्रश्नावर २०२३ साली निकाल लागला, अँडी वॉरहॉलने लिन गोल्डस्मिथच्या छायाचित्रावरून केलेल्या गायक प्रिन्सच्या चित्राच्या निमित्ताने, आणि तो ७ विरुद्ध २ असा छायाचित्रकाराच्या बाजूने होता. फेअरीला झोडपायचं असेल तर यासाठी झोडपावं: त्याने स्वतःची लढाई प्रामाणिकपणे लढून बघायची संधी घालवली.

उसनवारीचा आरोप याहून जुना आहे. लॉस एंजेलिसचे चित्रकार मार्क व्हॅलेन यांनी २००७ साली सविस्तर लेख लिहून फेअरीने कोणाकोणाच्या पोस्टरांवरून काय काय उचललं ते शेजारी शेजारी ठेवून दाखवलं. त्यांचा राग समजून घेण्यासारखा आहे: चळवळींच्या पोस्टरांमागे माणसं होती, तुरुंग होते, आणि नाव न घेता ती प्रतिमा उचलली की ती माणसं पुसली जातात. श्रेय द्यायला हवं होतं, हे व्हॅलेन यांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. मात्र त्यावरून फेअरीकडे स्वतःचं काही नाही या निष्कर्षाला ते येतात, तो मला पटत नाही. पोस्टरकला हा उसनवारीचाच वंश आहे. रशियन रचनावाद्यांचा लाल-काळा, चित्रकार बार्बरा क्रुगरच्या लाल पट्ट्यावरची पांढरी अक्षरं, हे सगळं त्याच्यात उघड दिसतं आणि तो ते नाकारत नाही. त्या सामग्रीतून वीस पावलांवरून, धावत्या गाडीतून वाचता येईल असा चेहरा उभा करणं हे त्याचं कसब आहे, आणि ते नक्कल करून साधत नाही. साधलं असतं तर ‘होप’च्या असंख्य नकलांपैकी एखादी तरी तितकी लक्षात राहिली असती. शिवाय त्याची पद्धतही बदलली. २०१७ साली ट्रम्प यांच्या शपथविधीच्या वेळी निघालेल्या ‘वी द पीपल’ मालिकेत अमेरिकन झेंड्याचा हिजाब घेतलेल्या स्त्रीचं चित्र रिदवान अधमी यांच्या छायाचित्रावरून होतं आणि ते तसं सांगितलेलंही होतं.

एका प्रसंगी मात्र मी त्याच्या विरोधकांच्या बाजूने उभा राहीन. २००८ साली ऑस्टिनच्या बॅक्स्टर ऑर या चित्रकाराने ओबेच्या चेहऱ्यावर श्वसनविकारापासून बचावाचा मुखवटा चढवून स्वतःचं चित्र विकायला काढलं, तेव्हा फेअरीच्या बाजूने त्याला कायदेशीर नोटीस गेली. ज्याने दुसऱ्यांच्या प्रतिमा घेऊन आयुष्य उभं केलं त्याने हे करायला नको होतं. कपड्यांचा ब्रँड २००१ साली सुरू झाला, त्यानंतर त्या चेहऱ्याला व्यापारचिन्हाचं मोल आलं, आणि व्यापारचिन्ह राखायला वकील लागतात. कपडे विकण्यात पाप नाही. पण त्या कपड्यांपायी चेहऱ्याभोवती कुंपण घातलं गेलं हे वाईट झालं, आणि चाहत्यांनी ते स्पष्ट बोलावं असं मला वाटतं.

‘विकला गेला’ असं म्हणणारे आणखी एक गोष्ट वगळतात. संग्रहालयांनी बोलावल्यावरही त्याने रस्ता सोडला नाही. ६ फेब्रुवारी २००९ रोजी बॉस्टनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कंटेम्पररी आर्टमध्ये त्याच्या वीस वर्षांच्या कामाचं प्रदर्शन उघडत होतं. त्या समारंभाला जाताना वाटेतच पोलिसांनी त्याला भिंती विद्रूप केल्याबद्दल अटक केली. डेट्रॉइटमध्ये २०१५ साली त्याला १८४ फूट उंचीचं भित्तिचित्र करण्यासाठी रीतसर बोलावलं होतं, आणि त्याच मुक्कामात शहरात इतरत्र पोस्टरं चिकटवल्याबद्दल त्याच्यावर गुन्हे दाखल झाले. ते २०१६ साली न्यायाधीशांनी रद्द केले. सुखवस्तू झालेला माणूस रात्री खळीची बादली घेऊन बाहेर पडत नाही. त्याला तशी गरज उरलेली नव्हती. तरी तो बाहेर पडला.

त्याच्या भिंती निरुपद्रवी सजावट आहेत, असाही शेरा ऐकू येतो. कोपनहेगनमध्ये २०११ साली त्याने यागतवाय ६९ इथे, पाडून टाकलेल्या तरुणांच्या केंद्राच्या जागेशेजारी, कबूतर आणि ‘शांती’ असं चित्र काढलं. ते केंद्र २००७ साली पोलिसांच्या बळावर रिकामं करून पाडलं गेलं होतं. तिथल्या लोकांना परक्या पाहुण्याने त्या जागी शांतीचा उपदेश करावा हे सहन झालं नाही. चित्रावर शिव्या लिहिल्या गेल्या, फेअरीला मारहाणही झाली. मारहाण निंद्यच होती. पण चित्राबद्दलचा राग खोटा नव्हता, आणि फेअरीने तो ऐकला: केंद्राच्या जुन्या मंडळींना सोबत घेऊन भिंतीचा खालचा भाग पुन्हा रंगवला गेला आणि त्यात दंगलविरोधी पोलीस आले. माझ्या मते ते भित्तिचित्र त्यानंतरच पुरं झालं.

पॅरिसमध्ये हे अधिक ठळकपणे घडलं. नोव्हेंबर २०१५ मधल्या दहशतवादी हल्ल्यांनंतर त्याने फ्रान्सचं प्रतीक असलेल्या मारियानचा चेहरा केला, भोवती स्वातंत्र्य, समता, बंधुता. २०१६ साली तो चेहरा तेराव्या प्रभागातल्या एका उंच इमारतीवर चढला. त्याच प्रतिमेची प्रत पुढे राष्ट्राध्यक्ष इमॅन्युएल मॅक्रॉन यांच्या कार्यालयात लागली आणि २०१७च्या दूरचित्रवाणी मुलाखतीत साऱ्या देशाला दिसली. टीकाकारांना हवा तो पुरावा मिळाला: बंडखोराचं चित्र सत्तेच्या दिवाणखान्यात. मग डिसेंबर २०२०. पोलिसांना अधिक संरक्षण देणाऱ्या सुरक्षा विधेयकावरून फ्रान्स पेटला होता. एका रात्री काही जणांनी त्या इमारतीवर चढून तिन्ही शब्दांवर पांढरे पट्टे मारले आणि मारियानच्या डोळ्यांतून रक्ताचे अश्रू काढले. त्यांनी हीच भिंत निवडली, कारण हेच चित्र राष्ट्राध्यक्षांच्या पाठीमागे टांगलेलं होतं आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. एकच प्रत असती, एखाद्या संग्राहकाच्या घरात असती, तर या निषेधाला जागाच मिळाली नसती. पुढच्या वर्षी भिंत दुरुस्त करताना फेअरीने मारियानच्या डोळ्याखाली स्वतःच एक अश्रू ठेवला. त्या अश्रूसह आणि अश्रूविना अशा दोन्ही मारियान आता लोकांना ओळखता येतात, आणि हा फरक कधी, कशामुळे पडला हे विचारलं तर तारखांसकट सांगणारी माणसं त्याच्या चाहत्यांतच सापडतात.